समुद्र तीनशे किलोमीटरवर, पण बंदरांच्या योजनांत खानदेश कुठे आहे?

रावेरपट्टा · सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. ७६,२२० कोटींचा प्रकल्प. हजार-हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं थेट धक्क्याला लागतील एवढी खोली. ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदराचा, म्हणजे न्हावाशेव्याचा, २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. त्याआधी २०१५ पासून केंद्राची सागरमाला योजना चालू आहेच. बंदरं सुधारायची, त्यांना रस्ते-रेल्वे जोडायची, बंदरालगत उद्योग आणायचे, किनाऱ्यावरच्या लोकांचं भलं करायचं, असा तिचा चौफेर आराखडा.

आता आपल्याकडे या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ च्या कृषी निर्यात धोरणात केळीसाठी जळगावचा क्लस्टर, म्हणजे निर्यातीचा पट्टा, ठरला. जून २०२१ मध्ये आपल्या तांदळवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. एवढं होऊनही आमच्या शिवारातला बहुतेक माल ट्रकमध्ये भरून दिल्ली-पंजाबकडेच जातो. परदेशात माल पाठवणारा व्यापारी आधी सोलापूरच्या करमाळा-टेंभुर्णीकडे वळतो, तिकडे माल कमी पडला की त्याला रावेर आठवतं.

माझं म्हणणं असं, की सरकार बंदरावर लावतं तो पैसा किनाऱ्यावरच थांबतो. तिकडे धक्का वाढला म्हणून इकडे चारशे किलोमीटर आतल्या शेतकऱ्याचा व्यापार आपसूक वाढत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि वाढवण उभं राहायच्या आत खानदेशने काय मागून घ्यावं? केळीवरच थांबू नका. कापूस, मिरची, पपई, कांदा, ज्याचं जे असेल त्याने लिहावं.

अमळनेरना_भाऊ · सोमवार, रात्री ९:५२

दादा, बंदर मंग दखूत. पहिले भाव कितला शे ते सांगा.

रावेरपट्टा · सोमवार, रात्री ९:५८

भाऊ, भाव बऱ्हाणपूरच्या बोलीवर ठरतो, ते तुम्हालाही ठाऊक. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरच तो हलेल. म्हणून तर बंदराचं विचारतोय.

न्हावाशेवा_चाळीसगाव · सोमवार, रात्री ११:१५

मी मूळचा चाळीसगाव तालुक्यातला. कस्टम क्लिअरिंगच्या कामात उरणला बरीच वर्षं आहे आणि केळीचे कंटेनर रोज हाताखालून जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण बंदरात काय होतं ते आपल्या भागात कुणी नीट सांगत नाही.

केळी चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, जाते. तेरा किलोचं खोकं, साधारण दीड हजार खोकी, म्हणजे वीस टनांच्या आसपास माल. आत तापमान १३ ते १३.५ अंश. खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की वाटेतच पिकायला लागते. न्हावाशेवाहून दुबईच्या जेबेल अलीला किंवा इराणच्या बंदर अब्बासला जहाज काही दिवसांत पोचतं. समुद्रातला हा टप्पा सगळ्यात सोपा.

अवघड टप्पा जमिनीवरचा. रिकामा रीफर न्हावाशेव्याच्या यार्डातून उचलायचा, रावेरपर्यंत रिकामा न्यायचा, भरायचा, परत आणायचा. एका बाजूचं अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात. भाडं दोन्ही बाजूंचं, वर रीफर चालवणाऱ्या जनरेटरचं (जनसेटचं) डिझेल. टेंभुर्णी बंदराला तुमच्यापेक्षा दीड-पावणेदोनशे किलोमीटर जवळ. व्यापारी आधी तिकडे का जातो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी माल आधी बाहेरच्या कंटेनर स्टेशनात जायचा, तिथून टर्मिनलला. आता शेतावर किंवा पॅक हाउसला सील केलेला कंटेनर थेट टर्मिनलच्या गेटमधून आत घेतात. बहुतेक कागद ऑनलाइन गेले. कंटेनर कुठे आहे ते टॅगवर कळतं. नाशवंत मालाला यातून एक-दोन दिवस वाचले, आणि केळीला एक दिवस म्हणजे फार मोठी गोष्ट. न्हावाशेव्यातच शेतमालाच्या साठवण-प्रक्रियेसाठी २८४ कोटींची सोयही मंजूर झाली आहे. पण रावेरपट्टा दादांशी एका बाबतीत मी पूर्ण सहमत: ही सगळी सोय गेटच्या आतली आहे.

सावदा_केळीताई · मंगळवार, सकाळी ७:०५

चाळीसगावकर दादा, फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालते. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. बागेत बाहेर ४४-४५ अंश असताना घडाच्या पोटात जी उष्णता साठलेली असते, ती काढल्याशिवाय माल रीफरमध्ये भरला तर मशीन ती खेचू शकत नाही. रीफर गार ठेवण्यासाठी असतो, गार करण्यासाठी नाही. त्यासाठी प्रीकूलिंग लागतं, आणि पट्ट्यात केळी किती नि प्रीकूलिंगच्या खोल्या किती, हे ज्याने मेमध्ये माल भरलाय त्याला विचारा. पणन मंडळाचं सुविधा केंद्र सावद्याला झालं, चांगलंच झालं, पण रावेर, यावल, चोपडा मिळून एवढा पट्टा त्यावर कसा भागणार?

यावलचा_बागायतदार · मंगळवार, सकाळी ८:३०

मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. अंतर, भाडं, प्रीकूलिंग सगळं खरं. पण माल निर्यातीचा आहे का, हे आधी विचारा.

ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपं आपल्या जळगावातून महाराष्ट्रभर गेली. ठिबकही आपल्याकडेच आधी रुजलं. मग सोलापूर पुढे का गेलं? त्यांनी पहिल्या दिवसापासून खोक्यासाठी बाग लावली. केळफूल वेळेवर मोडणं, फण्यांची विरळणी, घडाला स्कर्टिंग बॅग, फण्यांमध्ये फोम, कापणी करताना घड जमिनीला न टेकवणं. आपण मात्र वजनासाठी बाग लावतो. घड उतरवला, पाल्यावर टाकला, ट्रकमध्ये रचला, झालं. दिल्लीला हे चालतं, दुबईला एक डागसुद्धा चालत नाही.

शिवाय सीएमव्ही हा विषाणू रोग आहे, मे-जूनची वादळं आहेत. मृगबागेचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या बागेचा, माल ऐन उन्हाळ्यात येतो, तेव्हा करपा-उष्णतेने बारीक पडतो. पावसाळ्यानंतर लावतात त्या कांदेबागेचं गणित वेगळं. वर्षभर एकसारखा माल देता आला तरच बाहेरचं गिऱ्हाईक टिकतं. हे काम कुठलंही बंदर करून देणार नाही.

रावेरपट्टा · मंगळवार, सकाळी ९:१०

नाना, तुमचं म्हणणं मान्य, पण पुढचंही ऐका. फ्रूट केअरचा खर्च शेतकरी करतो. मग व्यापारी येतो, घडातल्या मधल्या फण्या निवडतो, वरच्या-खालच्या सोडतो. सोडलेल्या फण्या चिप्सवाल्याला मातीमोल भावात द्याव्या लागतात. सरासरी काढली तर ट्रकला दिलेल्या मालाइतकीच रक्कम हातात. एकदा असं झालं की शेजारीपाजारी पुढच्या वर्षी बॅग आणतच नाहीत. पहिल्या दोन-तीन हंगामांत कुणीतरी हमी दिली, तरच माणूस खोक्यासाठी बाग लावेल.

यावलचा_बागायतदार · मंगळवार, सकाळी ९:२५

यावर दुमत नाही. फक्त ती हमी बंदर खात्याकडे मागायची नाही, कृषी आणि पणनकडे मागायची. दार चुकलं तर अर्ज फायलीत पडून राहतो.

तापीकाठ · मंगळवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं विषयांतर होईल. खानदेश बंदरापासून दूर, असं आपण समजतो, पण इतिहास उलटा आहे. मोगलाईत सुरत हे हिंदुस्थानचं मोठं बंदर आणि सुरतेहून बऱ्हाणपूर-आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून, आपल्या नंदुरबारवरून जायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला, तो याच बाजूने बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझच्या भेटीला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्नियेच्या प्रवासवर्णनातही नंदुरबार आहे.

पुढे १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला लँकेशायरची मागणी आली. नवी रेल्वे थेट मुंबई बंदराला जोडलेली, म्हणून जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलं. आपल्या भागातला पैसा बंदराच्या वाटेनेच आला होता. तेव्हा सुरतेची वाट आपली जुनी. मग आज सगळा माल न्हावाशेव्यालाच का न्यायचा? सुरतेजवळचं हजिरा बंदर का नाही? जळगाव-धुळ्यावरून जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीप बंदराला संपतो. दोन्ही टोकांना समुद्र असलेला रस्ता आपल्या दारातून जातो.

आणखी एक. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तापी नदी चक्क १०० क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग आहे, हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत, ४३६ किलोमीटर!

शहादा_पपई · मंगळवार, दुपारी २:०२

तापीतून जहाज आलं तर मी प्रकाशाला नारळ घेऊन उभा राहतो, काका 😄

तापीकाठ · मंगळवार, दुपारी २:१५

नारळ आणशीलच, पण जहाजाला सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आणि मग उकाईची भिंत ओलांडावी लागेल. होड्या वर-खाली करणारे लॉक कुठेच नाहीत. म्हणून मी ते मागण्यांत धरत नाही. कायद्यात नाव आहे, एवढं आपल्या लोकांना माहीत असावं.

धुळे_नरडाणा · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

काकांचा सुरतेचा मुद्दा धरून पुढे जातो, कारण माझ्या मते या धाग्याचं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडून न्हावाशेव्याला रेल्वेने जायचं तर कसारा घाट आडवा येतो. चढ-उतार सदतीस मीटरला एक मीटर, गाड्यांना जादा इंजिनं लावावी लागतात, मार्गावर प्रवासी गाड्यांची गर्दी. उलट जळगाव-उधना हा तापी खोऱ्याचा मार्ग बघा. तीनशे सहा किलोमीटर, दुहेरी झाला, विजेवर गेला, १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात त्याचं लोकार्पणही झालं. त्यावर कसाऱ्यासारखा घाट नाही. उधन्याहून दक्षिणेला वळलं की डहाणू दीडशे किलोमीटरच्या आत. आणि वाढवण डहाणूलाच! शिवाय वाढवणला जोडणारी रेल्वे थेट पश्चिमेच्या मालवाहू मार्गिकेला मिळणार आहे आणि ती मार्गिका सुरतेजवळूनच जाते.

म्हणजे मुंबईचा घाट टाळून खानदेशचा कंटेनर रेल्वेने ज्या मोठ्या बंदराला जाऊ शकेल, ते वाढवण असेल. वाढवणचा फायदा आपल्याला नाही, असं रावेरपट्टा दादा म्हणतात ते मला पटत नाही. फायदा आहे, पण भुसावळ-जळगाव-नंदुरबार या मार्गावर रीफर चढवायची सोय असेल तरच. रेल्वे तयार, बंदर तयार, आणि मधे माल चढवायला फलाटच नाही, असं व्हायला नको.

दुसरी गोष्ट मनमाड-इंदूर रेल्वे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. धुळे, नरडाणा, शिरपूर तिच्यावर येतात. नरडाणा तर दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात कधीपासून आहे. तिथे कंटेनर डेपो मागायची हीच वेळ आहे. रूळ पडल्यावर जागा मागितली तर जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले असतात.

न्हावाशेवा_चाळीसगाव · मंगळवार, संध्याकाळी ७:००

नरडाणावाले भाऊ, मुद्दा पक्का आहे. फक्त नाशवंत मालाच्या बाबतीत रेल्वेची एक अट लक्षात घ्या. गाडी भरायला एका वेळी चाळीस-पन्नास कंटेनर लागतात. एकट्या केळीचे तेवढे रीफर एका दिवसात जमणं कठीण. म्हणून त्याच गाडीत कापसाच्या गाठी, सूत, डाळ, प्लॅस्टिक पाइप असा कोरडा माल जोडावा लागेल. जळगावात पाइपवाले आहेत, शिरपूरला कापड आहे. सगळ्यांनी मिळून मागितलं तर गाडी भरते.

पालघरला_शिक्षक · मंगळवार, रात्री १०:३०

मी चोपड्याचा. नोकरीमुळे पालघर जिल्ह्यात आलो, इथेच संसार झाला. आपल्याकडचे कितीतरी शिक्षक इकडे आहेत. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही ज्या बंदराच्या भरवशावर हिशोब मांडताय, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे आणि दहा किलोमीटरची लाटरोधक भिंत उभी राहणार आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं मासेमारीवर चालतात. हा सगळा किनारा माशांच्या विणीचा. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथे बंदर नको असं सांगितलं होतं. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. गावकरी मधल्या सगळ्या वर्षांत विरोध करत आले. त्यांची बाजू आपल्या धाग्यात कुठेच नाही. आपल्या केळीला वाट मिळावी हे मलाही वाटतं, पण दुसऱ्याचं शेत बुडवून नको. त्यांचं शेत म्हणजे समुद्र.

जामनेर_कपाशी · मंगळवार, रात्री ११:०५

सर, तुमची भावना समजते, पण देशाला मोठं बंदर लागतंच ना? आपला कितीतरी माल कोलंबो-सिंगापूरला उतरवून मोठ्या जहाजात चढवावा लागतो. तो खर्च शेवटी आपल्याच मालावर बसतो.

पालघरला_शिक्षक · मंगळवार, रात्री ११:२०

लागतं, नाही कुठे म्हणतोय? पण सागरमालाच्या खांबांपैकी एक खांब किनाऱ्यावरच्या लोकांच्या विकासाचा आहे, हे रावेरपट्टा यांनीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. आपण निवेदन देणार असू, तर मच्छीमारांना भरपाई आणि रोजगार आधी, ही ओळही त्यात घाला. उकाई आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आजही भेटतात. विस्थापन म्हणजे काय ते खानदेशला कुणी शिकवायला नको.

मिरची_नंदुरबार · बुधवार, सकाळी ८:४५

सरांच्या ओळीला माझा पाठिंबा. माझ्या माहेरची गावं उकाईत गेली.

आता मिरचीचं. आमच्याकडे ओली लाल मिरची पथारीवर उघड्यावर वाळते. अवकाळी आला की एका रात्रीत रंग जातो, बुरशी धरते. युरोपला बुरशीचं विष आणि औषधांचा अंश, दोन्हीच्या तपासण्या लागतात आणि त्या तपासणीसाठी नमुना पुण्याला पाठवावा लागतो. निकाल येईपर्यंत भाव बदललेला असतो. मला बंदरापेक्षा जवळची प्रयोगशाळा आणि वाळवणीच्या शेड जास्त महत्त्वाच्या वाटतात.

जामनेर_कपाशी · बुधवार, सकाळी ९:३०

कापसाचं माझ्याकडून. सगळे बंदरातून माल बाहेर जाण्याचंच बोलताहेत, पण बंदराचं दार दोन्हीकडून उघडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमची वेचणी दसरा-दिवाळीत. नेमका त्याच वेळी बाहेरचा स्वस्त कापूस बंदरात. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये कागदावर, खेडा खरेदीला व्यापारी त्याच्या किती खाली बोलत होता ते कापूसवाल्या प्रत्येकाला आठवत असेल. गिरण्यांची अडचण मला कळते, त्यांनाही कापड बाहेर विकायचंय. पण बंदर चालवायचं धोरण आणि शुल्काचं धोरण वेगवेगळ्या खोल्यांत बसून ठरत असेल, तर शेतकरी मधल्या मधे भरडला जातो.

साक्री_कांदा · बुधवार, सकाळी ९:५०

जामनेरवाले भाऊ, अगदी बरोबर. कांद्याचं तेच. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ ला थेट बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, नंतर ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत बांगलादेश-आखातातलं आमचं गिऱ्हाईक दुसऱ्या देशांनी उचललं. धक्का कितीही लांब बांधा, त्यावर काय चढवायची मुभा आहे ते आदल्या रात्री बदलत असेल तर जहाज रिकामंच जाणार.

अमळनेरना_भाऊ · बुधवार, सकाळी १०:०४

साक्रीना भाऊ एकदम खरं बोलना.

सावदा_केळीताई · बुधवार, दुपारी ३:१५

कांदा-कापसाचं दुःख खरं आहे, पण धागा पुन्हा मूळ प्रश्नावर आणते, नाहीतर ही चर्चा नुसतं गाऱ्हाणं होईल.

भारत जगात सगळ्यात जास्त केळी पिकवतो, साडेतीन कोटी टनांच्या घरात. २०२२-२३ मध्ये त्यातली बाहेर गेली ती साधारण ३ लाख ६० हजार टन. शंभरातली एक. म्हणजे वाव अफाट आहे. २०२३ च्या शेवटी अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने, बारामतीहून समुद्रमार्गे नेदरलँडला केळी पाठवून पाहिली, लखनऊच्या फळसंशोधन संस्थेने तापमान-हवेचं तंत्र बसवून दिलं होतं आणि माल रॉटरडॅमला पोचला. बारामतीहून जमतं तर रावेरहूनही जमेल.

मात्र माझं मत, युरोपमागे आत्ता धावू नये. लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा किती दिवस वाढले ते आठवा. आखात आणि इराणच्या वाटेत लाल समुद्र येतच नाही. तिथे आपला माल आधी पक्का बसू दे.

आणि मागणी करताना पाचपन्नास गोष्टी नकोत. मी तीनच म्हणेन. पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावाजवळ प्रीकूलिंग आणि पॅक हाउस. भुसावळ किंवा नरडाण्याला रीफरसाठी विजेचे प्लग असलेला कंटेनर डेपो, जिथे रिकामा रीफर आधीपासून उभा असेल. आणि तो येईपर्यंत, रिकाम्या रीफरच्या एकेरी भाड्यात सवलत. किसान रेलला, म्हणजे शेतमालाच्या खास गाड्यांना, २०२० मध्ये फळं-भाजीच्या भाड्यात निम्मी सूट दिली होती, तेव्हा आपल्याकडच्या स्टेशनांवर माल कसा जमला ते सगळ्यांनी पाहिलं. सूट संपली, गाड्या आटल्या. तीच सूट दिल्लीऐवजी बंदराच्या दिशेने द्या, एवढंच.

यावलचा_बागायतदार · बुधवार, दुपारी ४:००

ताई, चौथी घाला: पहिले तीन हंगाम पूर्ण घडाची खरेदी. रावेरपट्टाने सांगितलेली सोडलेल्या फण्यांची अडचण सुटल्याशिवाय पॅक हाउस रिकामं राहील. पॅक हाउसच्या शेजारीच चिप्स, पावडर, प्युरी घेणारं युनिट हवं.

धुळे_नरडाणा · बुधवार, दुपारी ४:२०

डेपोवर नेमकं बोलू. जालन्याच्या ड्राय पोर्टची, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोची, पायाभरणी २०१५ मध्ये झाली, पुढे वर्ध्याजवळ सिंदीचीही. काम किती लांबलं ते सगळ्यांना माहीत. आपण नवीन मागताना पहिल्या दिवशी मुदत लिहून मागू. आणि भुसावळ की नरडाणा यात भांडण नको. केळीला भुसावळ सोयीचं, कापडाला नरडाणा. आधी जिथे रूळ आणि जागा दोन्ही तयार आहेत ते घ्या, म्हणजे भुसावळ. मी धुळ्याचा असून म्हणतोय.

शहादा_पपई · बुधवार, संध्याकाळी ६:१०

पपईला भुसावळ उलट्या दिशेला पडतं. शहादा-तळोद्याचा माल अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने किंवा नवापूरवरून थेट गुजरातेत उतरतो. तो रस्ता नीट करा आणि फागण्यापासून गुजरात सीमेपर्यंतच्या चौपदरीकरणाचं इतकी वर्षं रेंगाळलेलं काम पुरतं करा. कोंडाईबारी घाटात गाडी अडकली की पपई तिथेच मऊ पडते. आमच्यासाठी हजिरा हेच उत्तर. गुजरातने १९८२ मध्ये सागरी मंडळ काढलं आणि १९९५ मध्ये बंदर धोरण, आपलं मंडळ १९९६ चं. त्यांचं बंदर जवळ असेल तर त्यांचं वापरायला लाज कसली?

रावेरपट्टा · बुधवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. मी पहिल्या पोस्टमध्ये पैसा किनाऱ्यावर थांबतो म्हणालो, त्यावर अजूनही ठाम आहे. पण नरडाणावाल्या भाऊंनी तापी मार्गाचं जे मांडलं, ते आमच्याकडे कुणी बोलतच नाही. पालघरच्या सरांची ओळ निवेदनात पहिल्या पानावर जाईल. मिरचीताईंची प्रयोगशाळाही. शुल्क-बंदीचा मुद्दा वेगळ्या पत्रात, वाणिज्य मंत्रालयाला. यावलच्या नानांनी म्हटलं तसं, दार चुकायला नको.

आता आकडा लागेल. चाळीसगावकर दादा, रावेर-न्हावाशेवा आणि रावेर-हजिरा अशा दोन्ही वाटांचा एका रीफरचा खर्च शेजारी-शेजारी मांडून देता का? मसुदा सावद्याच्या ताई आणि मी मिळून लिहितो.

न्हावाशेवा_चाळीसगाव · बुधवार, रात्री १०:२५

देतो. न्हावाशेव्याचे दर माझ्याकडे आहेत. हजिऱ्याहून जेबेल अलीसाठी रीफर घेणाऱ्या जहाज कंपन्या कोणत्या आणि जहाज आठवड्यातून किती वेळा लागतं, ते तिकडच्या एजंटला उद्या विचारतो. जहाज वारंवार नसेल तर भाड्यात वाचलेले पैसे यार्डातल्या विजेत जातात, तेव्हा तो रकाना वेगळा धरू. ताई, तुमच्या मागच्या हंगामातल्या पॅकिंगचा खर्च खोक्यामागे किती आला तेवढा कळवा, आणि त्यात प्रीकूलिंगची वीज धरली आहे का तेही लिहा.

सावदा_केळीताई · बुधवार, रात्री १०:४०

वीज धरलेली नाही, बिल वेगळं आहे. वही काढून सकाळी टाकते.